सहा पोर्ट, नऊ वायरी: घरच्या कॉम्प्युटरला यूएसबी वाढवायचे कसे?

माशेलचे मास्तर
१० जुलै, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचून जातो, आज अडलं म्हणून धागा काढतोय.

घरी टेबलाखाली बसणारा कॉम्प्युटर आहे. २०१४ साली फोंड्यात जुळवून घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड. मागे यूएसबीचे सहा पोर्ट, त्यांतले दोन निळे. पुढच्या बाजूलाही दोन आहेत, पण ते पहिल्या दिवसापासून मुके. दुकानदार म्हणाला होता, "एकदा घेऊन या मास्तर, बघतो." ते 'एकदा' काही उजाडलं नाही आणि आता ते दुकानही राहिलेलं नाही.

मागचे सहाही भरलेत: कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, यूपीएसची वायर, वेबकॅम (रविवारी नातीशी बोलायला) आणि १ टीबीची हार्ड डिस्क. निवृत्तीनंतर आमच्या भजनी मंडळाच्या तालमी रेकॉर्ड करायचं खूळ लागलं, त्यासाठी साउंड कार्डाचा छोटा डबा आला. बायको कुळथाचं पीठ, सोलं, तिरफळं पाकिटं करून पाठवते, तिचा लेबलांचा प्रिंटर आला. वर मंडळातला प्रत्येकजण पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभा. म्हणजे पोर्ट सहा आणि वायरी नऊ. दिवसातून चारदा टेबलाखाली साष्टांग नमस्कार घालतो. परवा प्रिंटरची समजून हार्ड डिस्कची वायर ओढली आणि दोन तासांची तालीम अर्ध्यावर गेली.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अडीचशे रुपयांचा चार तोंडांचा हब आणला. माऊस चालतो. हार्ड डिस्क लावली की आतून टक-टक वाजतं आणि ती गायब. साउंड कार्ड लावलं तर गाण्यावर पत्र्यावरच्या पावसासारखा तडतडाट.

आता कोणी म्हणतं आत जास्तीच्या पोर्टांचं कार्ड बसवा, कोणी म्हणतं महागाचा हब घ्या. दोन-अडीच हजारांची तयारी आहे. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्या बेताने सांगा.

सुंगटाची किसमूर
१० जुलै, रात्री ९:२२

नवीन कॉम्प्युटर घ्या मास्तर, सगळंच सुटेल. =))

माशेलचे मास्तर
१० जुलै, रात्री ९:३०

आणि त्यालाही सहाच निघाले तर?

चिऱ्याचं घर
१० जुलै, रात्री १०:०५

मास्तर, टक-टक म्हणजे डिस्क उपाशी आहे. आधी ती त्या हबवरून काढा आणि परत लावू नका. अशा अर्धपोटी चालू-बंदने डिस्क मरते, आणि आतल्या तालमी घेऊन मरते.

यूएसबीच्या वायरीतून माहिती जाते तशी ५ व्होल्टची वीजही जाते. यूएसबी २.० चा पोर्ट (तुमचे काळे) ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, ३.० चा (निळे) ९०० पर्यंत. बिनअडॅप्टरचा हब हे सगळं मागच्या एकाच पोर्टाकडून घेतो. नियमाप्रमाणे १०० स्वतःसाठी ठेवायचे आणि चार तोंडांना प्रत्येकी १०० वाटायचे. नळाला चार तोट्या बसवल्या म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही. माऊस-कीबोर्डचं १०० मध्ये भागतं. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या फिरायला लागतात तेव्हा मात्र तिला याच्या कितीतरी पट लागतं. ते मिळालं नाही की ती बसते, परत उठते, परत बसते. तोच तो आवाज.

त्यामुळे हब घ्यायचाच झाला तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या, आणि खोक्यावर पोर्ट किती लिहिलेत ते नंतर वाचा, आधी अडॅप्टरवर अँपिअर किती छापलेत ते वाचा. सात पोर्टांचा ३.० हब प्रत्येक पोर्टाला ९०० देईल असं धरलं तर ६.३ अँपिअर लागतील, म्हणजे ५ व्होल्टवर ३१.५ वॉट. स्वस्तातल्या हबबरोबर २ अँपिअरचा, म्हणजे १० वॉटचा अडॅप्टर येतो. सगळी उपकरणं एकदम पूर्ण वीज ओढत नाहीत म्हणून निभावतं, पण दोन हार्ड डिस्का लावल्या की कळतं.

रात्रपाळी
११ जुलै, पहाटे २:४०

मास्तर, एक पैसा खर्च करण्याआधी एक वजाबाकी करा.

तुमच्या एच८१ चिपसेटमध्ये यूएसबीचे दहा पोर्ट असतात, दोन ३.० चे आणि आठ २.० चे. मागे तुम्हाला सहा दिसतात. उरलेले चार कुठे गेले? ते तुमच्याच कॅबिनेटमध्ये, मदरबोर्डावर, पिनांच्या रूपात उभे आहेत. पैसे तुम्ही त्यांचे २०१४ सालीच दिलेत.

मदरबोर्डाच्या खालच्या कडेला शोधा. पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यांतली कोपऱ्यातली एक पिन नसते, म्हणजे नऊ पिना. शेजारी बारीक अक्षरांत एफ-यूएसबी१, जेयूएसबी१ असं काहीतरी छापलेलं असतं. अशा एका जागेवरून दोन पोर्ट निघतात. तुमच्याकडे अशा दोन जागा असायला हव्यात. एक पुढच्या पोर्टांसाठी, आणि पैज लावतो की ती वायर जोडलेलीच नाही. जुळवणाऱ्याचा कंटाळा, दुसरं काही नाही. दुसरी जागा बहुधा रिकामीच असेल. तिच्यासाठी 'यूएसबी ब्रॅकेट' मिळतं: पत्र्याची उभी पट्टी, तिच्यावर दोन पोर्ट, मागे रिबनसारखी वायर. मागच्या रिकाम्या खाचेत पट्टी स्क्रूने बसवायची, वायर पिनांवर दाबायची. ना ड्रायव्हर, ना सीडी.

कॅबिनेट उघडण्याआधी बटण बंद, मागची जाड वायर भिंतीतून काढायची, मग चालू करायचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. वायरीच्या टोकाला नऊ भोकं असतात आणि दहाव्याची जागा बुजवलेली असते, ती आणि नसलेली पिन समोरासमोर आली पाहिजे. जोर लावायचा नाही. बसत नाही म्हणजे उलटं आहे.

कुळागर
११ जुलै, सकाळी ७:५०

रात्रपाळीच्या प्रतिसादाला +१, आणि जोडीला माझ्या शहाणपणाची गोष्ट.

माझ्याकडे आधी कोअर टू ड्युओवाला बोर्ड होता. त्यावर यूएसबीच्या पिनांशेजारी हुबेहूब तशाच नऊ पिना होत्या, बाजूला '१३९४' छापलेलं. मी म्हटलं, हा काहीतरी नंबर असेल. ब्रॅकेट तिथे खोचलं आणि भावाचा पेन ड्राइव्ह लावला. उदबत्तीएवढा धूर, पण वास असा की आई देवघरातून धावत आली. तो फायरवायर नावाच्या दुसऱ्याच जोडणीचा सॉकेट होता. त्यातून १२ व्होल्ट येतात आणि पेन ड्राइव्ह ५ व्होल्टचा. भावाच्या लग्नाचे फोटो त्यात होते. भाऊ आता बोलतो माझ्याशी, पण पेन ड्राइव्ह देत नाही.

एच८१ च्या बोर्डांवर फायरवायर सहसा नसतो, तरी पिनांशेजारी 'यूएसबी' ही अक्षरं डोळ्यांनी वाचल्याशिवाय काही खोचू नका. चष्मा लावा, मोबाईलचा टॉर्च मारा.

म्हापशाची सून
११ जुलै, सकाळी १०:३०

मास्तर, आणखी दोन-तीन फुकटच्या जागा बघा.

मागे गोल भोक आहे का? जांभळं, हिरवं, किंवा अर्धं-अर्धं? तो पीएस/टू. त्यात जुन्या पद्धतीचा कीबोर्ड बसतो आणि एक यूएसबी मोकळा होतो. फक्त कॉम्प्युटर बंद असताना लावायचा-काढायचा. यूएसबी कीबोर्डला हिरवी-जांभळी टोपी लावून तिथे बसवायच्या नादी लागू नका. दोन्हीकडे चालेल असा बनवलेला कीबोर्ड असेल तरच ती टोपी चालते, हल्लीच्यांत क्वचितच.

मॉनिटरच्या मागेही बघा. काहींत हब बांधलेलाच असतो, पण त्याची चौकोनी तोंडाची वायर कोणी लावत नाही, ती खोक्यातच राहते. आणि प्रिंटर वायफायचा असेल तर त्याला यूएसबीला का बांधून ठेवलंय?

माझी गोची वेगळीच आहे. आमच्याकडे एका ऑफिसातून निघालेला बारीक कॅबिनेटवाला कॉम्प्युटर आहे. त्याला मी अडॅप्टरवाला ३.० चा हब घेतला, छान चालतो, पण तेव्हापासून बिनवायरीचा माऊस अडखळतो. हब खराब की माऊस?

चिऱ्याचं घर
११ जुलै, सकाळी ११:१५

ताई, दोन्ही चांगले आहेत, शेजार वाईट आहे. यूएसबी ३.० चालू असताना त्याच्या वायरीतून-तोंडातून जो रेडिओ गोंगाट निघतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो, आणि तुमचा माऊस नेमका तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ साली यावर स्वतःच एक टिपण काढलं होतं. माऊसचा तो नखाएवढा तुकडा हबवरून काढून काळ्या पोर्टात लावा, नाहीतर हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन माऊसच्या जवळ आणून ठेवा.

साळावलीचं पाणी
११ जुलै, दुपारी ३:०५

सगळे हब-हब करताय, कार्डाची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून लिहितो.

हब म्हणजे एका पोर्टाचे वाटे. कार्ड म्हणजे नवा नळ, वेगळ्या पाइपातून. मदरबोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची छोटी खाच असते, बोटाच्या पेराएवढी, एक्स१ म्हणतात. त्यात चार पोर्टांचं यूएसबी ३.० कार्ड बसतं. एच८१ ची ही खाच दुसऱ्या पिढीची, सेकंदाला फार तर ५०० एमबी, आणि ते चारही पोर्टांत वाटून. फिरत्या तबकड्यांची अडीच इंची डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीवर दमते, त्यामुळे घरच्या कामाला भरपूर झालं.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत ५ व्होल्ट नसतातच. तिथे ३.३ आणि १२ असतात. यूएसबीला लागतात ५. मग कार्ड एक तर १२ चे ५ स्वतः करतं, नाहीतर एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) एक वायर मागतं. कार्डावर चार टोचे असलेलं पांढरं मोलेक्स किंवा चपटं साटाचं तोंड दिसलं तर ती वायर जोडायचीच. न जोडता माऊस चालेल, डिस्क लावली की परत टक-टक. एसएमपीएसला साटाची तोंडं संपली असतील तर मोलेक्सचं साटा करणारी, तोंड प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेली स्वस्त वायर घेऊ नका. आतल्या तारा जवळजवळ येऊन ती पेटल्याची उदाहरणं आहेत.

कार्डावरची चिप रेनेसास किंवा व्हीआयए कंपनीची बघा. विंडोज ८ पासून पुढे ३.० चा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, ७ वर मात्र सीडी शोधत बसावं लागतं. म्हापशाच्या ताईंसारखं बारीक कॅबिनेट असेल तर आखूड पट्टीचं, 'लो प्रोफाइल', कार्ड मागा. मी दीड हजाराला घेतलेलं पाच वर्षं चालतंय.

सुंगटाची किसमूर
११ जुलै, दुपारी ३:४०

दीड हजार घालायचे कुठल्या मशीनमध्ये? चौथ्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, आठवी पिढी लागते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मोडक्या होडीला नवं वल्हं.

साळावलीचं पाणी
११ जुलै, दुपारी ४:०२

वल्हं दुसऱ्या होडीलाही चालतं रे बाबा. कार्ड काढून उद्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसवता येतं. आणि मास्तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून आणखी पाच वर्षं काढतील, तू बघत राहशील.

तिस्कचा तिठा
११ जुलै, सायंकाळी ६:२०

अवांतर: यूएसबी बनवणाऱ्या इंटेलच्या चमूचे म्होरके अजय भट्ट. शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. त्याआधी प्रिंटरला एक भोक, माऊसला दुसरं, मोडेमला तिसरं, आणि प्रत्येकाचे स्क्रू आवळत बसायचं. दोन्ही बाजूंनी बसणारं तोंड करायचं तर तारा आणि सर्किट दुप्पट, खर्चही दुप्पट झाला असता, म्हणून एकाच बाजूचं केलं असं त्यांनी नंतर सांगितलंय. म्हणजे आपण अंधारात तीनदा उलटसुलट करून पेन ड्राइव्ह लावतो, तेव्हा शिव्या कोणाला द्यायच्या ते कळलं.

कागदोपत्री एका कंट्रोलरवर १२७ उपकरणं चालतात. मास्तर, तुमची नऊच आहेत.

म्हापशाची सून
११ जुलै, सायंकाळी ६:४५

गायकवाड सरकार इथेही आलेच!

पेडण्याची पेटी
११ जुलै, रात्री ९:५०

मास्तर, तडतडाटाबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलंय. आमच्याकडे दशावताराचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो.

पहिलं कारण वीज. साउंड कार्डाच्या डब्यावर ४८ व्होल्टचं बटण असेल आणि तुम्ही कंडेन्सर माइक लावत असाल, तर ते ४८ व्होल्ट तो डबा यूएसबीच्या ५ मधूनच तयार करतो. मग १०० मिलिअँपिअरमध्ये त्याचं काय होणार?

दुसरं कारण जरा आतलं आहे. साधी साउंड कार्डं यूएसबीच्या जुन्या, १२ मेगाबिटच्या वेगाने बोलतात. माऊस आणि कीबोर्डही या हळू चालणाऱ्यांतलेच. २.० चा हब मागे कॉम्प्युटरशी ४८० मेगाबिटने बोलतो, पण या हळू चालणाऱ्यांसाठी त्याच्या पोटात एक दुभाषी बसवलेला असतो. चांगल्या हबमध्ये प्रत्येक तोंडाला वेगळा दुभाषी. स्वस्तातल्यात चौघांत मिळून एकच. सगळ्यांनी मिळून त्या १२ मेगाबिटमध्येच भागवायचं. आवाजाला उशीर चालत नाही; प्रिंटरचं पान दोन क्षण उशिरा आलं तर कोणाला कळतं? मृदंगाची थाप उशिरा आली की तडतड. काही अगदी स्वस्त हब आतून जुन्या १.१ चेच निघतात, त्यांच्यात तर सगळेच बारात.

म्हणून माझा नियम: साउंड कार्ड आणि हार्ड डिस्क हबवर नाही, मागे थेट मदरबोर्डावर. डिस्क निळ्यात, साउंड कार्ड काळ्यात. हबवर बसायला प्रिंटर, पेन ड्राइव्ह, माऊस पुष्कळ आहेत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढून टाका, नाहीतर शांत आलापात विंडोजला वाटतं सगळे झोपले.

माझी साउंड कार्डाची वायर दीड मीटरची आहे. माइक दूर असेल तर माइकची वायर लांब घ्या, यूएसबीची नको. २.० ला पाच मीटर ही हद्द.

कुळागर
११ जुलै, रात्री १०:१५

अडॅप्टरवाला हब घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, गोव्यात तर नक्कीच. हबचा अडॅप्टर यूपीएसवर लावा. आपण काय करतो? कॉम्प्युटर आणि मॉनिटर यूपीएसवर, आणि हब भिंतीच्या साध्या सॉकेटवर. जुलैत लाईट गेली की कॉम्प्युटर ऐटीत चालू राहतो, पण हब मरतो आणि त्याच्यावरची डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. यूपीएस असून नसल्यासारखा. माझी एक डिस्क अशीच गेली.

उलटा प्रकारही पाहिलाय. कॉम्प्युटर बंद करून उठलो तरी कीबोर्डचा दिवा तेवत होता. स्वस्त हब स्वतःच्या अडॅप्टरची वीज उलटी कॉम्प्युटरमध्ये ढकलत होता. असा हब दिसला की परत करायचा.

माशेलचे मास्तर
१२ जुलै, दुपारी १२:३०

मंडळी, तुम्ही वर्ग भरवलात. आज रविवार, नातीला व्हिडिओवर समोर बसवून कॅबिनेट उघडला. ती बेंगळूरहून सांगत होती, "आजोबा, आधी प्लग." काढला होता.

रात्रपाळींनी पैज जिंकली. पुढच्या पोर्टांची वायर हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला दोऱ्याने नीट बांधून ठेवलेली, अकरा-बारा वर्षं कुठेही न जोडलेली. मदरबोर्डावर खाली एफ-यूएसबी१ आणि एफ-यूएसबी२, दोन्ही रिकामे. '१३९४' नाही, भिंग घेऊन पाहिलं. वायर बसवली, चालू केलं, पेन ड्राइव्ह लावला. डाव्यात चालला. उजव्यात आत जाईचना.

टॉर्च मारला तर आत मातीचं घर. कुंभारीण माशीने पोर्ट लिंपून टाकलेला! मागे गोल भोकही सापडलं, अर्धं जांभळं, अर्धं हिरवं.

आता दोन प्रश्न. माती कशी काढू? आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येतात, ते काय आहे?

चिऱ्याचं घर
१२ जुलै, दुपारी १:१०

माती: कॉम्प्युटर बंद, वायर भिंतीतून बाहेर. लाकडी दातकोरणीने हळूहळू उकरा, सुई किंवा पिन नको. कॅबिनेट पालथा धरून ब्रशने झटका म्हणजे चुरा आत जाणार नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, सुकू द्या, मग लावा. वापरात नसलेल्या पोर्टांना रबराची झाकणं मिळतात, ती घाला. आमच्याकडे समुद्र दोन किलोमीटरवर, पावसाळ्यात पोर्टाच्या पत्र्याला तांबेरा धरतो. तुम्ही आत आहात, तुम्हाला कुंभारणीच पुरतील.

मुंग्या: अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या आत वीज गाळायला दोन कपॅसिटर असतात, ते थोडीशी वीज पत्र्यावर सोडतात आणि अर्थिंगमधून ती जमिनीत जायची असते. वाट नसली की तुमच्या बोटातून जाते. तुम्हाला नुसत्या मुंग्या, पण यूएसबीची धातूची बाजू त्याच पत्र्याला जोडलेली असते, आणि साउंड कार्डात 'हूं' असा आवाज येतो तोही बरेचदा तिथलाच. वायरमनला बोलवून तीन पिनांचा सॉकेट तपासून घ्या. चिऱ्याच्या जमिनीत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, म्हणून आमचे बाबा उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचे. जुलैत मुंग्या येतात म्हणजे वायरच सुटली असणार. हे काम मात्र स्वतः करू नका.

सुंगटाची किसमूर
१२ जुलै, दुपारी १:२५

कुंभारीण भाडं न देता राहिली. मास्तर, तुमचा सगळ्यात जुना यूएसबी वापरकर्ता.

माशेलचे मास्तर
१९ जुलै, रात्री ८:४०

हिशेब देतो.

वायरमन येऊन गेला. सॉकेटच्या मागे अर्थिंगची तार नुसती लोंबत होती. मुंग्या गेल्या, आणि पेडण्याच्या पेटीवाल्यांना सांगायचं म्हणजे 'हूं'ही गेला.

गावच्या शाळेच्या अडगळीत पीएस/टू कीबोर्ड पडला होता, मुख्याध्यापिकाबाईंना विचारून आणला. 'ळ' ची कळ जरा दाबून मारावी लागते, पण तो गोल भोकात बसला आणि एक यूएसबी सुटला. मागे आता डिस्क निळ्यात, वेबकॅम दुसऱ्या निळ्यात, साउंड कार्ड, माऊस, प्रिंटर आणि यूपीएस काळ्यांत. पुढे डावीकडे लेबलांचा प्रिंटर, उजवीकडे, कुंभारणीच्या जागेत, पेन ड्राइव्ह. मोजलं, नऊ झाले! वर फोंड्याच्या वरच्या बाजारातून १८० रुपयांचं ब्रॅकेट आणून एफ-यूएसबी२ वर बसवलं. ते दोन शिल्लक.

काल लाईट तीनदा गेली, रेकॉर्डिंग एकदाही नाही.

साळावलीकर, कार्ड घेतलं नाही म्हणून रागावू नका, मिंट टाकायला तुम्हालाच फोन करणार आहे. उरलेल्या दोन हजारांवर घरातून दावा आलाय, लेबलांचे रोल संपलेत म्हणे.

म्हापशाची सून
१९ जुलै, रात्री ९:०५

बरं झालं! आणि माझा माऊस काळ्या पोर्टात सुतासारखा सरळ आला. त्या अडीचशेच्या हबचं काय केलंत?

माशेलचे मास्तर
१९ जुलै, रात्री ९:१२

तो मोबाईलच्या चार्जरला लावून बघितला. यूएसबीच्या वायरीच्या छोट्या दिव्यांच्या माळा मिळतात ना, त्या चार लागतात त्याला. चवथीला गणपतीच्या वर फळं-नारळ टांगतो त्या माटोळीत सोडायच्या म्हणतोय. चालेल ना?

चिऱ्याचं घर
१९ जुलै, रात्री ९:३०

चालेल. माळेवर अँपिअर किती लिहिलेत ते बघून चौघांची बेरीज चार्जरपेक्षा कमी ठेवा, आणि मोबाईल त्या हबवर लावू नका. हब माटोळीच्या वर बांधू नका, नारळ-सुपारीचं वजन कमी असतं का? खाली भिंतीला ठेवा, माळेची वायर वर न्या.